अभ्रकाऐवजी: फॉर्मायका कंपनी आणि एक डॉलरला गेलेला शोध

गेल्या दिवाळीआधी घरात सुतारकाम चालू होतं. सुताराने सनमायकाच्या तक्त्यावर अणकुचीदार कटरने दोन-तीनदा रेघ ओढली, तक्ता वर उचलला आणि तो काडकन तुटला. खाली पडलेली पट्टी मी उचलून पाहिली. वर सागवानी रेषांचा पापुद्रा, आणि त्याखाली गर्द तपकिरी, एकजीव झालेले थर. कडेवर नख फिरवलं तर थर हाताला लागत नाहीत, पण उजेडात धरलं की दिसतात. हा सगळा कागद आहे. राळेत भिजवून, थरावर थर रचून, तापवून दाबलेला. तुटलेल्या कडेला किंचित कार्बोलिक साबणासारखा वास येतो, तो त्या राळेतल्या फिनॉलचा.

हा तपकिरी कागद जन्माला आला तो फर्निचरसाठी नव्हे, विजेच्या मोटारीसाठी. सनमायका आणि फॉर्मायका ही दोन्ही ब्रँडची नावं, पण आपल्याकडे ती वस्तूचीच नावं होऊन बसली आहेत. त्यांच्या शेपटीला जो ‘मायका’ आहे तो म्हणजे अभ्रक. फॉर्मायका कंपनी उभी राहिली ती अभ्रकाला पर्याय म्हणून, आणि पहिली अकरा वर्षं तिच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती: ज्या शोधावर ती उभी होती तो शोध कागदोपत्री दुसऱ्याच्या मालकीचा होता. या प्रकरणात मला मुख्यतः त्या अकरा वर्षांबद्दल लिहायचं आहे. पुढचं यश बहुतेकांना ठाऊक असतं. ते कोणत्या पेचातून सुटून मिळालं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी अभ्रकाचं. डी.सी. मोटारीत कम्युटेटर असतो: तांब्याच्या पट्ट्या गोलाकार उभ्या लावलेल्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये वीज उडी मारू नये म्हणून अभ्रकाचा पातळ तुकडा. या सगळ्या पट्ट्या दोन्ही टोकांना निमुळत्या कड्यांनी आवळून धरायच्या असतात. त्या कड्याही विजेपासून अलग हव्यात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्यांना व्ही-रिंग म्हणतात. अशा वळणदार आकारात अभ्रक बसवायचं तर त्याच्या पातळ चकत्या लाखेने एकमेकींना चिकटवून, तापवून साच्यात दाबाव्या लागत. चकत्यांचं अभ्रक मोठ्या प्रमाणावर जाई ते आपल्या छोटा नागपूरच्या बाजूने, कोडरमा-गिरिडीहच्या खाणींतून. तिथे बाया-माणसं हाताने पापुद्रे सोडवत. लाखही त्याच मुलखातल्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या विजेच्या कारखान्यांना लागणारे हे दोन पदार्थ आपल्या एकाच जंगलपट्टीतून येत होते. वीज वाढत होती आणि हात तेवढेच होते.

यातल्या लाखेला पर्याय शोधायला निघाले लिओ बेकलंड. बेल्जियममध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ. फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्यापासून त्यांनी एक राळ बनवली, १९०७ मध्ये तिच्यावर पेटंटचा अर्ज केला आणि तिला नाव दिलं बॅकेलाइट. ही राळ एकदा तापून घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. लाख उष्णतेने मऊ पडते, ही पडत नाही. मोटारीसाठी एवढा एक गुण पुरेसा होता.

आता आपली दोन माणसं. पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कंपनीत डॅनियल ओ’कॉनर संशोधन विभागात होते आणि हर्बर्ट फेबर इन्सुलेशनच्या मालाची विक्री पाहत. दोघेही तरुण इंजिनिअर. ओ’कॉनर यांनी साधारण १९१२ मध्ये एक युक्ती काढली. कागदाला किंवा कापडाला बॅकेलाइट फासायचं, तो एका गरम रुळावर ताण देऊन गुंडाळायचा म्हणजे थर घट्ट बसतात. राळ पुरती पक्की व्हायच्या आत ती नळी उभी चिरायची, उलगडून सपाट करायची आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबायची. निघतो तो एकसंध, कडक, वीजरोधक तक्ता. १ फेब्रुवारी १९१३ रोजी पेटंटचा अर्ज गेला. नोकरीच्या रिवाजाप्रमाणे हक्क वेस्टिंगहाउसच्या नावे लिहून दिले गेले आणि शोधकाच्या हातावर नाममात्र एक डॉलर पडला.

इथे घाईने वेस्टिंगहाउसला खलनायक ठरवू नये असं मला वाटतं. प्रेस त्यांची, पगार त्यांचा, बॅकेलाइट त्यांनी विकत घेतलेलं. शोध कंपनीचा, हा करार त्या काळी सर्रास होता आणि आजही आहे. पण मनुष्यस्वभाव असा की जे आपण हाताने केलं ते आपलं वाटतं. शिवाय फेबर रोज ग्राहकांना भेटत होते. या मालाला बाजार केवढा आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना दिसत होतं ते असं, की वेस्टिंगहाउससाठी हा शेकडो मालांपैकी एक माल होता.

दोघांनी नोकरी सोडली. केंटकीतल्या वॉल्टन गावचे वकील आणि सावकारी पेढीवाले जे. जी. टॉमलिन यांनी ७,५०० डॉलर घातले आणि एक तृतीयांश हिस्सा घेतला. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात भाड्याची जागा, एक बॉयलर, एक गॅसची शेगडी आणि घरीच बनवलेला हाताने फिरवायचा स्क्रू-प्रेस. २ मे १९१३ रोजी काम सुरू झालं. पहिली ऑर्डर चाल्मर्स मोटार कंपनीची, कम्युटेटरच्या व्ही-रिंगांची. माल कशाऐवजी वापरायचा तेच त्यांनी नावात घातलं: ‘फॉर मायका’, म्हणजे अभ्रकासाठीचा पर्याय. लॅटिनमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ मुंगी होतो. छोट्या कारखान्याला तेही शोभलं असतं, पण त्यांच्या डोक्यात अभ्रकच होतं.

आता पेच नीट मांडतो, कारण अभ्यासाचा खरा विषय तोच.

एक, राळ. त्यांचा माल बॅकेलाइटशिवाय बनत नव्हता आणि बॅकेलाइट बेकलंड यांच्या कंपनीकडेच होतं. वेस्टिंगहाउस त्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक. बेकलंड यांच्या कंपनीने ठरवलं की सपाट तक्त्यांसाठी राळ फक्त वेस्टिंगहाउसला द्यायची. या नवख्या पोरांना कड्या आणि नळ्या यांच्यापुरती मिळेल. कड्या-नळ्यांचा धंदा छोटा. खरा पैसा तक्त्यांत. म्हणजे सुरू होऊन काही महिने होत नाहीत तोच मोठा दरवाजा बंद.

दोन, पेटंट. अर्ज अजून पेटंट कार्यालयात पडून होता. तो मंजूर झाला की वेस्टिंगहाउस म्हणू शकत होतं की हा तर आमचाच शोध, तुम्हीच लिहून दिलात.

तीन, यातूनच निघणारी आणि मला सगळ्यात जाचक वाटणारी अडचण. परक्या कारखानदारावर खटला झाला तर तो कोर्टात म्हणू शकतो की हे पेटंटच पोकळ आहे, यात नवीन काही नाही. ओ’कॉनर यांना तसं म्हणायची सोय नव्हती. शोध स्वतःच लिहून द्यायचा आणि मग तोच फोल आहे म्हणून हात झटकायचे, हे कायदा चालू देत नाही. दिलेला शब्द नाकारायला जी आडकाठी येते तीच ही. आणि ती आडकाठी ओ’कॉनर ज्या कंपनीत भागीदार होते त्या कंपनीलाही लागू.

पहिल्या अडचणीवर त्यांनी सरळ वाट काढली: दुसरी राळ शोधली. शिकागोत लॉरेन्स रेडमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने फिनॉलपासूनच पण वेगळ्या रीतीने राळ बनवली होती, रेडमॅनॉल. फॉर्मायकाने ती घेतली, सपाट तक्त्यांसाठी प्रेस मिळवला आणि १९१४ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पहिला तक्ता काढला. ही राळ बेकलंड यांच्या पेटंटच्या कक्षेत येते की नाही यावर पुढे त्या दोन राळवाल्यांत खटले झाले, आणि १९२२ मध्ये बॅकेलाइट, रेडमॅनॉल आणि कॉन्डेन्साइट या तिन्ही कंपन्या एक झाल्या. म्हणजे ज्या पर्यायावर फॉर्मायका तगली तो पर्याय आठ वर्षांत मूळ मालकाच्याच घरात गेला. पण ती आठ वर्षं अतोनात मोलाची होती. तेवढ्यात गिऱ्हाइकं जोडली गेली, कामगारांचा हात बसला, महायुद्धात विजेच्या आणि बिनतारी संदेशाच्या सामानाला उठाव आला. १९२२ मध्ये राळ विकणाऱ्याला ती कंपनी डावलण्याजोगी राहिली नव्हती.

तक्ता बनवायची त्यांची रीत काय होती, याकडे लक्ष द्या, कारण पुढचा सगळा निकाल त्यावर लागला. राळेत भिजवून वाळवलेले कागद मापात कापायचे, एकावर एक रचायचे, गुळगुळीत लोखंडी पत्र्यांमध्ये ठेवून एकदाच तापवून दाबायचे. रूळ नाही, गुंडाळणं नाही, चिरणं नाही. आजही सगळीकडे असंच करतात; १२० अंश सेल्सियसच्या वर तापमान आणि दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोहून अधिक दाब. ओ’कॉनर यांच्या अर्जातली रीत दोन पायऱ्यांची होती: आधी रुळावर घट्ट गुंडाळणं, मग प्रेस. सिनसिनाटीतली रीत एका पायरीची.

ओ’कॉनर गेल्यानंतर वेस्टिंगहाउसने तो अर्ज पुढे चालवला आणि दरम्यान त्यात नवे दावे घातले. पेटंटमध्ये शोधाचं वर्णन एक असतं आणि ‘आमचा हक्क एवढ्यावर’ असे क्रमांकवार दावे वेगळे असतात. ११ आणि १२ क्रमांकाचे दावे मूळ अर्जात नव्हते. त्यांत गुंडाळण्याचा उल्लेखच नव्हता. थर, राळ, उष्णता, दाब असं मोघम लिहिलं होतं. ते शब्दशः वाचले तर एका पायरीची रीतही त्यांत बसते. १२ नोव्हेंबर १९१८ रोजी पेटंट मंजूर झालं. १९१९ मध्ये वेस्टिंगहाउसने दावा लावला, आणि तो नेमका या दोन कलमांवर.

मला हा भाग वाचताना दरवेळी वाईट वाटतं ते असं. माणसाने लिहून दिलं एक, तो निघून गेल्यावर त्याच्या सहीखाली कुंपण सरकवलं गेलं, आणि मग त्यालाच सांगितलं गेलं की हे कुंपण तुझंच, तू नाकारू शकत नाहीस. शेताच्या बांधावरून ज्यांची भांडणं झाली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जिल्हा न्यायालयात वेस्टिंगहाउस हरलं, अपिलातही हरलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फॉर्मायका कंपनीचं तेव्हाचं नाव फॉर्मायका इन्सुलेशन कंपनी. निकाल १९२४ च्या डिसेंबरात आला, सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट यांनी लिहिलेला. हे टाफ्ट आधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते आणि जन्माने सिनसिनाटीचेच. टाफ्ट यांनी आडकाठीचं तत्त्व मोडीत काढलं नाही. हक्क विकणाऱ्याने तोच हक्क पोकळ म्हणू नये, हे त्यांनी मान्य केलं. पण त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. पेटंट पोकळ आहे असं म्हणता येत नसलं, तरी त्याची हद्द कुठवर, हे ठरवताना त्या काळी आधीपासून काय माहीत होतं ते कोर्टापुढे ठेवता येईल. आणि मंजूर झालेलं पेटंट विकणं निराळं, नुसता अर्ज लिहून देणं निराळं. अर्जात काय दिलं याची रेघ तितकी ठसठशीत नसते. मग ओ’कॉनर यांनी वर्णन केलेली खरी करामत कोणती? दोन पायऱ्यांची. त्याआधीचं ज्ञान पाहता हे दावे तेवढ्यापुरतेच वाचायला हवेत. फॉर्मायका एका पायरीत माल काढते, म्हणून उल्लंघन नाही. फॉर्मायका सुटली.

मला विचाराल तर वेस्टिंगहाउसचा घात वकिलांनी केला नाही, कारखान्याने केला. ओ’कॉनर यांची पहिली रीत वेळखाऊ होती. फक्त रुळाच्या पृष्ठभागाएवढा तक्ता एका वेळी निघे. जो कारखाना रोज तक्ते काढून पोट भरतो त्याला गुंडाळणं सोडून थेट रचण्याकडे यावंच लागतं. कायद्यातून सुटका झाली ती धंद्याच्या गरजेने आधीच बदललेल्या रीतीमुळे.

खटला चालू असताना बाहेर बाजार पार बदलला. १९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गला केडीकेए हे रेडिओ केंद्र बोलू लागलं. ते वेस्टिंगहाउसचंच. घराघरांत लोक स्वतः रेडिओ जोडू लागले, आणि सगळे खटके-बटणं ज्या काळ्या तक्त्यावर बसवायचे तो तक्ता फॉर्मायकाचा. वादीने सुरू केलेल्या लाटेवर प्रतिवादीचा धंदा वाढला. कापडाचे थर वापरून मोटारगाड्यांसाठी आवाज न करणारी दातेरी चाकंही ते बनवत.

रेडिओचा काळा तक्ता मात्र एक दिवस संपणार होता, कारण तयार रेडिओ लाकडी पेटीत येऊ लागले होते. फिनॉलची राळ मुळातच तपकिरी, म्हणून तोवर माल काळा किंवा तपकिरीच असे. १९२७ मध्ये कंपनीने वरच्या थरावर लाकडाच्या रेषा छापण्याची रीत पेटंटसह हाती घेतली. मधे एक अपारदर्शक थर घालून खालचा तपकिरी रंग झाकायचा. तिथून वीज मागे पडू लागली आणि लाकूड पुढे आलं. सिगारेटने डाग पडू नये म्हणून आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घालायची युक्ती आली, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. १९३६ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या क्वीन मेरी जहाजाच्या सजावटीत हा माल वापरला गेला. १९३८ पासून मेलामाइन राळ आली. ती बिनरंगी असते आणि उन्हात पिवळी पडत नाही. मग हवा तो रंग, हवी ती नक्षी. माझ्या हातातल्या पट्टीचा वरचा पापुद्रा तो मेलामाइनचा, खालचा तपकिरी गाभा बेकलंड यांच्या फिनॉलचा. एका पट्टीत दोन काळ.

दुसऱ्या महायुद्धात हीच कंपनी खऱ्या लाकडाकडे वळली, आणि हा तुकडा फार कमी लोकांना माहीत असतो. लाकडाचे पातळ पापुद्रे फिनॉलच्या राळेत मुरवून, रचून, जबर दाबाखाली एकजीव करायचे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वन-प्रयोगशाळेने या तऱ्हेच्या लाकडावर बरंच काम केलं होतं. फॉर्मायकाचा असा माल प्रेगवुड नावाने निघे आणि विमानांच्या प्रॉपेलरसाठी जाई. कागदाच्या जागी लाकूड, बाकी सगळं १९१४ च्या त्या पहिल्या तक्त्यासारखंच. अशाच दाबलेल्या लाकडाचे आधार आजही तेलाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळी आवळून धरायला वापरतात. तिथे लाकूड आणि इन्सुलेशन हे दोन धंदे उरतच नाहीत, एकच होतो.

पुढचं थोडक्यात. युद्धानंतर घरं वाढली, स्वयंपाकघरातले ओटे या तक्त्यांनी मढले. १९५६ मध्ये अमेरिकन सायनामिडने कंपनी घेतली. १९७८ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने उलटाच पेच टाकला: हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे, ते ब्रँड उरलेलं नाही, तेव्हा त्याची नोंदणी रद्द करा. अमेरिकी संसदेने आयोगाचा तो मार्ग अडवला आणि नाव वाचलं. २०१९ पासून कंपनी नेदरलँड्सच्या ब्रॉडव्ह्यूकडे आहे. आपल्याकडे मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा फॉर्मायका इंडिया नावाचा विभाग होता. १८६३ साली स्थापन झालेली, ब्रह्मदेशच्या सागवानावर वाढलेली ही कंपनी. तिच्याच छताखाली सागवानाच्या रेषा छापलेला कागद तयार व्हावा, याचं मला अजून नवल वाटतं. मोटार रिवाइंडिंगवाले मात्र आजही तपकिरी वीजरोधक तक्त्याला हायलम म्हणतात, ते हैदराबादच्या बॅकेलाइट हायलम कंपनीच्या नावावरून. सुताराची एक भाषा आणि वायंडरची दुसरी, दोघांच्या हातात वस्तू तीच.

आणि तो निकाल? २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वैद्यकीय उपकरणाचा वाद आला. शोधकाने हक्क लिहून दिले होते, पुढे स्वतःची नवी कंपनी काढली होती, आणि हक्क विकत घेणाऱ्यांनी नंतर दावा रुंद करून त्याच्याच नव्या उपकरणावर खटला भरला होता. न्यायमूर्ती एलेना कॅगन यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताचा निकाल लिहिताना ९७ वर्षांपूर्वीचं फॉर्मायका प्रकरण पुन्हा उलगडलं. तत्त्व टिकेल, त्यांनी म्हटलं, पण लिहून दिलेल्यापेक्षा दावा नंतर रुंद झाला असेल, तर जे शोधकाने कधी सांगितलंच नव्हतं ते नाकारायला त्याला आडकाठी नाही.